डिझायनर फोन उचलत नाही. चूक आमची का त्याची?

वणाकाठ
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यात आमचा १२ बायांचा बचत गट आहे. हळद, तिखट, धनेपूड करतो. आतापर्यंत पिशवीत चिठ्ठी टाकून विकत होतो. यंदा म्हटलं, नीट लेबल करू. तालुक्याला एक पोरगा डिझाईनचं काम करतो, त्याच्याकडे दिलं. २००० ठरले, १००० हातात दिले. ही गोष्ट पोळ्याच्या आधीची. आता दिवाळी तोंडावर आली, लेबलचा पत्ता नाही आणि आठ दिवस झाले, तो फोन उचलत नाही.

पोरगा वाईट नाही. पहिलं डिझाईन त्यानं चार दिवसांत दिलं होतं. मी ते गटाच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथून सुरू झालं. अध्यक्षताईंना कमळ पाहिजे, कोषाध्यक्षांना बैलजोडी, एकीच्या मुलाला इंग्रजी नाव, आमच्या घरच्यांना गटाचं नाव मोठं. मी मोजले, ११ वेळा बदल झाले.

हजार रुपये गेले तर गेले. पण पुढं तिखटाचं लेबल करायचंच आहे. डिझायनरसोबत काम करायचं तर गिऱ्हाईकानं कसं वागावं, हे कोणी अनुभवातून सांगेल का?

तर्रीपोहा
११ च? आमच्याकडे बारशाच्या पत्रिकेत १४ झाले होते. पत्रिका आली तोवर पोरगं रांगायला लागलं.

कोरल_बारा
ताई, तो पोरगा मी नाही, हे पयले सांगून ठेवतो. माहं दुकान दर्यापूरकडे हाये. पन फोन मीबी उचलत नसतो, त्याचं कारन सांगतो.

रातच्या साडेदहाले फोन येते. "भाऊ, सकाळी सातले चौकात बॅनर लागलं पायजे, साहेबाचा वाढदिवस हाये." बरं, फोटो पाठवा. तं फोटो येते कोनाच्या लग्नातला. साहेब मांगच्या रांगेत, अर्धं तोंड एका बाईच्या खोप्यामांगं. "त्याले तिथून काढ ना भाऊ, तुह्या कंप्युटरमंदी सारं होते." मंग शुभेच्छुक. पयले १२ नावं, बारा वाजता २०, दीड वाजता ३२. ३२ जनाचे ३२ फोटो. कोनी आधार कार्डाचा काढून पाठवते, कोनी गॉगल लावून गाडीवर बसलेला. आन् सकाळी सहाले भांडन, "त्याचा फोटो माह्यापेक्षा बोटभर मोठा काऊन?"

इतकं झाल्यावर डिझाईनचे पैसे मांगतले तं म्हनते, "डिझाईनचे कायचे पैसे? फ्लेक्सचे देल्ले ना!" फ्लेक्स १२ रुपये फूट, डिझाईन फुकट. हे सवय आमीच लावली लोकायले, खोटं कायले बोलू.

तर्रीपोहा
"बोटभर मोठा" वर हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या वॉर्डात यावरून एक गट फुटला आहे. राजकीय. खरोखर.

पुणेकर_पाहुणा
मी पुण्यात एका एजन्सीत काम करतो. यावर उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी लेखी ब्रीफ द्या: उद्देश, ग्राहकवर्ग, स्पर्धक, ब्रँडचा स्वर, आवडलेले संदर्भ. ५० टक्के आगाऊ, बदलाच्या दोनच फेऱ्या, तिसरीला वेगळे पैसे. सगळं ईमेलवर.

कोरल_बारा
ईमेल. बरं.

माह्याकडे गिऱ्हाईक मेल पाठवाले मलेच त्याचा पासवर्ड इचारते भाऊ.

निंबाचापार
पाहुण्यांची चेष्टा पुरे, दोन फेऱ्यांची गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली. पण इथे सगळे गिऱ्हाईकालाच झोडपून राहिले, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझं कृषी केंद्र होतं. लोगो करून घेतला, ३००० रुपये मोजले. दोन हिरवी पानं आणि मधात सूर्य. छान वाटला. सहा महिन्यांनी अकोल्याला जाताना तोच लोगो एका नर्सरीच्या पाटीवर दिसला. पुढं एका आयुर्वेदिक दवाखान्यावर. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका शाळेच्या बसवर. इंटरनेटवरचा तयार उचललेला होता, फक्त नाव माझं टाकलं. तयार घेतला याचा राग नाही. ३००० घेताना "हा तयार आहे" हे सांगितलं नाही याचा आहे. आणि लग्नसराईत हे लोक तारीख देतात आणि गायब होतात, त्याचं काय? "उद्या देतो" म्हणजे कोणता उद्या?

तेव्हा वणाकाठ ताई, हजार रुपये सोडू नका. दुकानात जाऊन बसा.

कोरल_बारा
निंबाचापार भाऊ, ते चूकच हाये, मान्य. पन ३००० देनारा गिऱ्हाईक मले वर्षातून दोनदा भेटते. बाकी ३०० वाले. ३०० रुपयात नवं चित्र काढाले कोन बसन?

मिरगाचा_पाऊस
मी शिक्षिका आहे. गावातली अर्धी पत्रिका-पत्रकं छापायला जायच्या आधी माझ्याकडे तपासायला येतात (आणि उरलेली अर्धी छापून झाल्यावर). माझा अनुभव असा की भांडणं डिझाईनवरून कमी आणि मजकुरावरून जास्त होतात. लोक मजकूर तोंडी सांगतात. फोनवर. एसटीत बसून. "कुळकर्णी" का "कुलकर्णी", "डहाके" का "डाहाके", हे ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं?

एका घरी तेरवीची पत्रिका आली होती. डिझायनरनं लग्नाची जुनी फाईल उघडून त्यातच मजकूर बदलला. वर फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं ठीक. खाली ओळ तशीच राहिली: "आपल्या उपस्थितीने आनंद द्विगुणित करावा." घरच्या चार जणांनी पाहून "ओके" म्हटलं होतं. चौघांनीही फक्त फोटो पाहिला होता.

तेव्हापासून माझा नियम: मजकूर कागदावर, स्वच्छ अक्षरात, एकाच वेळी. आणि नमुना आला की मोबाईलवर पाहायचा नाही. साधी झेरॉक्स काढून, बोट ठेवून, शब्दन् शब्द मोठ्यानं वाचायचा. नावं आणि तारखा दुसऱ्या माणसानं वाचायच्या. तारखेसोबत वारही जुळवायचा.

अवांतर: शुभेच्छातला "श" आणि "ल" हिंदी वळणाचे दिसले की माझा जीव खालीवर होतो. देठाचा श आणि पाकळीचा ल हे आपले. शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही तेच आहे.

तर्रीपोहा
तेरवीची ओळ वाचून आधी हसलो आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

वणाकाठ
मिरगाचा_पाऊस ताई, मी तर सगळा मजकूर मोबाईलवर टाईप करून पाठवला होता. तरी "शुद्ध"चं "शुध्द" आणि "मिरची"चं "मिर्ची" झालं. टाईप केलेलं आहे तसं उचलून टाकायचं होतं ना? मग चुका कुठून आल्या?

कोरल_बारा
हे लोकायले माहीत नसते, म्हनून सांगतो. तुमी मोबाईलवर लिवता ते युनिकोड, म्हंजे नव्या पद्धतीचं टायपिंग. आमच्या दुकानात अजून कोरल नावाचं डिझाईनचं जुनं सॉफ्टवेअर हाये, त्यात युनिकोड मराठी टाकलं का जोडाक्षर फुटते, वेलांटी भलतीकडे जाते, रफार उडते. म्हनून आमी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात पुन्ना सारं टाईप करतो. म्हंजे तुमचा मजकूर पाहून पाहून, नव्यानं. रातच्या एक वाजता. चूक तिथं होते. एक शब्द बदला म्हटलं तं तुमाले वाटते एक शब्द, पन तो पुन्ना टाईप, पुन्ना बसवनं.

कन्व्हर्टर भेटते, पन त्याच्यातूनबी कधी कधी गडबड होते. नवं कोरल घेतलं का हा लफडा नाई. घेईन. कापसाले भाव आला का.

छापखाना
कोरल भाऊंनी बरोबर सांगितलं. नवीन मुलं आता मुक्ता, बालू असे युनिकोड फॉन्ट वापरतात. दोन्ही फुकट आहेत आणि मराठीला सुंदर दिसतात. ताई, पुढच्या कामाला पहिला प्रश्न हाच विचारा: "माझा मजकूर चिकटवता येतो, का पुन्हा टाईप करावा लागतो?" पुन्हा टाईप करत असेल तर तपासायची जबाबदारी तुमच्यावर दुप्पट.

माझा जन्म खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेला. नंतर ऑफसेट मशीन घेतलं, आता मुलगा सांभाळतो. पूर्वी गिऱ्हाईकाला ठाऊक होतं की एक अक्षर बदलायचं तर चिमट्यानं खिळा काढावा लागतो, म्हणून तो विचार करून यायचा. आता स्क्रीनवर क्षणात बदलताना दिसतं, म्हणून वाटतं की बदल फुकट आहे. पण चार रंगी कामाला चार प्लेटा, म्हणजे दर रंगाला छपाईचा एक वेगळा पत्रा, लागतात. प्लेट निघाल्यावर "एक नंबर बदला" म्हटलं तरी निदान काळ्या रंगाची प्लेट नवीन काढावी लागते, आणि काळी अक्षरं चारही रंगांत केली असतील तर चारही. प्लेटच्या आधीचा बदल आणि नंतरचा बदल यात हा फरक आहे.

एक विचारतो, राग मानू नका. आठ दिवसांपूर्वी असं काय झालं की त्यानं फोन उचलणं सोडलं? ११ बदल झाले तेव्हा तर तो उचलत होता.

निंबाचापार
हा. प्रश्न योग्य आहे.

वडसा_गाडी
ताई उत्तर देतील तोवर आमच्याकडचं सांगतो. झाडीपट्टीतली नाटकं ठाऊक असतील: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. कंपन्यांची कार्यालयं वडशात, हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. मी पोस्टरं करतो. इथे गिऱ्हाईक दोन. एक नाटक कंपनी, एक गावचं मंडळ.

कंपनीवाला मुरलेला असतो. कागद घेऊनच येतो: नाटकाचं नाव, कलावंत कोणत्या क्रमानं, कोणाचा फोटो मोठा, विनोदी नटाचा कुठं, लावणीवाल्या बाईंचा कुठं. क्रम आधीच त्यांच्यात ठरलेला. मला फक्त काढायचं असतं, एका बैठकीत काम होतं. गावचं मंडळ येतं तेव्हा सात जण येतात. सातही जण माझ्या खुर्चीमागं उभे. "इकडे घ्या", "तिकडे घ्या", "पिवळा करा", "भडक करा". ज्या शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) नाटक ठेवायचं त्याची तारीख अजून ठरायची आहे आणि पोस्टर पाहिजे उद्या.

म्हणून मी एक केलं. पोस्टरच्या खाली कोरी पट्टी सोडतो. वरचं कंपनीचं, ते एकदाच छापायचं. गाव, तारीख, तिकीट त्या पट्टीत नंतर. मंडळाला जे भांडायचं ते पट्टीत भांडा.

पुणेकर_पाहुणा
हे फार आवडलं. आम्ही याच गोष्टीला मोठमोठी नावं देतो. "जे भांडायचं ते पट्टीत भांडा" हे ऑफिसच्या भिंतीवर लावणार आहे.

तर्रीपोहा
फ्लेक्स लावा. १२ रुपये फूट. डिझाईन फुकट.

वणाकाठ
छापखाना काका, तुम्ही पकडलं. एक गोष्ट सांगायची राहिली होती, म्हणजे मीच टाळली.

बाराव्या वेळी डिझाईन आलं तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. मी त्याला "छान आहे" लिहिलं. त्यानं २०० स्टिकर छापून आणले. आम्ही त्याला सांगितलं होतं की पारदर्शक स्टिकर पाहिजे, मधातून हळद दिसली पाहिजे, लोकांना माल दिसला का भरवसा वाटतो. स्टिकर हातात घेतले तेव्हा सुंदर होते. हळद भरलेल्या पिशवीवर लावले तर गटाचं नाव निळं होतं ते हिरवं दिसायला लागलं, गुलाबी कमळ केशरी झालं, आणि पिवळी नक्षी तर गायबच. अध्यक्षताईंनी दुकानात जाऊन त्याला चार लोकांसमोर बोल लावले. "आमचे पैसे बुडवले" म्हणाल्या. मी तिथेच होते. काही बोलले नाही. तेव्हापासून फोन बंद.

"छान आहे" म्हणजे छापा, असं मला म्हणायचं नव्हतं.

कोरल_बारा
अरारारा.

ताई, आमच्यासाठी "छान आहे" म्हंजे छापा. पुढच्या वेळी "छापा" हाच शब्द लिवजा, आन् नाई छापाचं तं "थांबा" लिवजा.

छापखाना
आता सगळं समजलं. यात रंग चुकले नाहीत. रंगांनी त्यांचा धर्म पाळला.

छपाईची शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर निळी शाई निळी दिसते, कारण मागं पांढरं असतं. पारदर्शक फिल्मवर मागं काहीच नसतं, म्हणून पिशवीत जे असेल तेच पार्श्वभूमी होतं. मागं हळद, पुढं निळी शाई. निळ्यात पिवळं मिसळलं का हिरवं, हे लहान पोरही रंगपेटीत करतं. गुलाबी अधिक पिवळं म्हणजे केशरी. आणि पिवळ्यावर पिवळं कुठून दिसणार? अशा कामात अक्षरांखाली आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. तो सगळ्या मशीनवर होत नाही, पैसेही जास्त लागतात. स्वस्तातला मार्ग: साधं पांढरं स्टिकर घ्या आणि ते पिशवीच्या अर्ध्या भागावरच लावा. उरलेल्या अर्ध्यातून हळद दिसू द्या.

दोष कोणाचा? माझ्या मते त्याचा थोडा जास्त. पारदर्शक म्हटल्यावर "आत काय भरणार" हे विचारणं त्याचं काम होतं. पण तुम्हीही त्याच्याकडे भरलेली एक पिशवी नेऊन ठेवली असती तर त्यानं एक स्टिकर लावून पाहिलं असतं. लेबल करणाऱ्याला माल द्यावा. नुसता फोटो नाही.

निंबाचापार
थोडा जास्त नाही, पूर्ण त्याचाच. शाई कशी वागते हे गिऱ्हाईकानं का शिकावं? गवंड्याला आपण सिमेंटचं प्रमाण सांगतो का?

कोरल_बारा
सांगतो ना भाऊ. इकडे सारेच सांगते. ओट्यावर बसून.

मिरगाचा_पाऊस
चार लोकांसमोर बोल लावले, हे मात्र मला लागलं. तो पोरगा तालुक्यात दुकान चालवतो, तिथे त्याचं नाव हेच त्याचं भांडवल आहे.

वडसा_गाडी
रंगांवरून आठवलं. मोबाईलवर पाहून रंग पास करू नका. मोबाईल उजेडातून रंग दाखवतो, कागदावर शाई असते. स्क्रीनवरचा झगमगीत पोपटी आणि जर्द निळा कागदावर उतरतच नाही, मंद होतो. हळदीचा रंग पाहिजे असेल तर "पिवळा" म्हणू नका. शंभर टक्के पिवळ्यात थोडा मॅजेंटा (छपाईचा गडद गुलाबी) टाकायला सांगा, नाहीतर लिंबू दिसते.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला का तो दाबून लहान करते. १६०० पिक्सेलचा फोटो छापील लेबलाला पाच इंचापर्यंत चालून जातो, पण १० फुटी बॅनरवर इंचाला १३ ठिपके येतात, म्हणजे नाक कुठं आणि कान कुठं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पुणेकर_पाहुणा
निंबाचापारांच्या लोगोवरून एक मुद्दा. पैसे दिले म्हणजे डिझाईनचे सगळे हक्क आपले झाले, असं आपण धरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्काचं हस्तांतर लेखी लागतं. एका कागदावर चार ओळी लिहून सह्या केल्या तरी काम होतं. आणि मूळ फाईल पाहिजे असेल तर ती सुरुवातीलाच मागा, शेवटी मागितली का भांडण होतं.

(ईमेल म्हणालो नाही, नोंद घ्यावी.)

कोरल_बारा
नोंद घेतली. मूळ फाईल देतो मी, पन तिचे पैसे वेगळे. ते घेऊन लोक शेजारच्या दुकानात जाते. तं जाऊ द्या, पन सांगून जा.

तर्रीपोहा
एआयला सांगा ना, दोन मिनिटांत लेबल. मी करून पाहिलं. चित्र झकास. "हळद पावडर"च्या जागी "हळ्ढ पाबड" आलं. आता तेच नाव ठेवावं म्हणतो, ट्रेडमार्क लगेच मिळेल.

छापखाना
ताई, मजकुरात काय काय घेतलं आहे? खाण्याच्या वस्तूचं लेबल आहे म्हणून विचारतो. पुष्कळदा कमळ-बैलजोडी ठरते आणि हे राहून जातं. अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच नंबर, किती दिवसांत वापरावं, गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर. वजनाचे आकडे किती उंच पाहिजेत, हेसुद्धा नियमात आहे. हे सगळं आधी बसवायचं. मग उरलेल्या जागेत कमळ.

माझ्यावर एकदा असं आलं होतं. विधानसभेच्या वेळी एका कार्यकर्त्यानं पत्रकं छापायला दिली आणि म्हणाला, खाली मुद्रकाचं नाव टाकू नका, डिझाईन खराब दिसते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२७-क, मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता लागतो. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी म्हटलं, भाऊ, आत गेल्यावर डिझाईन आणखी खराब दिसेल.

वणाकाठ
काका, यातलं निम्मं नाही आमच्या लेबलावर. नोंदणी झालेली आहे, नंबर आहे, पण तो टाकायचा हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. १२ वेळा पाहिलं आम्ही ते लेबल.

आणि एक. वर "वायगाव हळद" लिहिलं आहे. कोणी तरी सांगितलं, ते नाव खपते.

मिरगाचा_पाऊस
ते काढा आधी. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते गाव समुद्रपूर तालुक्यातलं. त्या भागातल्या, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यांनाच ते नाव लावता येतं. भिवापुरी मिरचीचंही तसंच, तिखटाच्या लेबलाला लक्षात ठेवा.

वणाकाठ
त्या पोरानं विचारलं होतं, "ताई, हे नाव चालते का, एकदा पाहून घ्या." मी मेसेज वर जाऊन पाहिला आत्ता. सहाव्या बदलाच्या वेळचा आहे. कोणी उत्तरच दिलं नाही त्याला.

निंबाचापार
बरं. मग माझे शब्द थोडे परत घेतो. अर्धे.

वणाकाठ
(चार दिवसांनी)

कालच्या सोमवारी बाजार होता, गेले त्याच्या दुकानात. अध्यक्षताईंना सोबत नेलं. त्या तयार नव्हत्या, पण आल्या, आणि चकल्यांचा डबा घेऊन आल्या. माफी वगैरे शब्द कोणी बोललं नाही. त्या म्हणाल्या, "खाऊन पहाय बरं, जमल्या का." त्यानं खाल्ली.

हळदीची भरलेली पिशवी नेली होती आणि मजकूर एका पानावर, छापखाना काकांच्या यादीप्रमाणे. वायगाव काढलं. त्यानं पांढऱ्या स्टिकरचा तुकडा कापून पिशवीवर ठेवला, वर पेननं रेघा मारल्या: इथं नाव, इथं ठिपका, इथं वजन. अर्ध्या तासात झालं. कमळ बसलं. बैलजोडी बसली नाही, पण कोषाध्यक्षांना तिखटाच्या लेबलावर कबूल केली आहे. नवीन २०० चा कागद-शाईचा खर्च आमचा, मेहनत त्याची, असं ठरलं. ग्रुपवर आता डिझाईन टाकायचं नाही, फक्त मी आणि अध्यक्षताई पाहणार, आणि "छापा" मीच लिहिणार.

एवढं सगळं झालं आणि उठताना त्यानं विचारलं, "ताई, तक्रारीसाठी मोबाईल नंबर कोनाचा टाकू?"

उद्या चार वाजता त्यावर गटाची बैठक आहे.

वडसा_गाडी
पट्टी कोरी सोडायला सांगा.